दार उघडल्याचा मेसेज

मी मूळचाच काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी माणसं असतात ना, त्यांच्यातला. बायको म्हणते, तुला काळजी करायला काही सापडलं नाही तर त्याचीही काळजी वाटते. त्यात मला कॉम्प्युटरचा नाद. दिवसभर हिंजवडीच्या ऑफिसात दुसऱ्यांचे प्रोग्राम लिहायचे आणि सुट्टीच्या दिवशी वाकडच्या फ्लॅटमध्ये स्वतःचे. भंगारात निघालेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो पुन्हा उभा करायचा, बऱ्या चाललेल्या राउटरच्या सेटिंगमध्ये बोटं घालायची, मग घरातलं इंटरनेट बंद पाडून बायकोची बोलणी खायची.

हा किडा मला आबांकडून आला. आबा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. त्यांचा एकच नियम होता, "चालू मशीनला हात लावायचा न्हाई." किडा मी घेतला, नियम तेवढा घ्यायचा राहिला.

आई गेल्यापासून आबा कुरुळीच्या घरी एकटेच राहतात. हल्ली विसरतात. एकदा सकाळी डबा घेऊन निघाले आणि भोसरीच्या त्या जुन्या कारखान्याच्या गेटवर फर्स्ट शिफ्टसाठी जाऊन उभे राहिले. कारखाना केव्हाच दुसरीकडे गेलेला. तिथल्या वॉचमनने मला फोन केला म्हणून कळलं. वाकडला चला म्हटलं तर म्हणाले, "त्या लिफ्टमधी जीव कोंडतो रं. आमी हितंच बरं."

मग मी माझ्या परीने उपाय केला. त्यांच्या चौकटीला चुंबकाचा छोटा सेन्सर लावला, आत टीव्हीमागे तळहाताएवढा एक कॉम्प्युटर ठेवला आणि त्यावर थोडा प्रोग्राम लिहिला. दार उघडलं की माझ्या मोबाइलवर मेसेज यायचा, 'दार उघडलं'. आबांना सांगितलं, इंटरनेटचं काहीतरी आहे. मेसेज आला की मी लगेच फोन करायचो. जेवलात का, गोळी घेतली का, असं काहीतरी विचारायचं आणि ते घरातच आहेत ना याचा अंदाज घ्यायचा. बहुतेक वेळा ते नुसते दारात उभे असायचे. आवाज ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा.

एके दिवशी सकाळी ऑफिसात चहा घेताना मी तिथूनच सहज कुरुळीच्या त्या कॉम्प्युटरवर एक चक्कर टाकली. बघतो तर कुठून कुठून कोण कोण त्याचे पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनच्या नशिबी हे असतंच, मला ठाऊक होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर आलं ते आबांचं दार आणि बाहेर परके लोक. म्हटलं, बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल आताच्या आता कडक करू.

दोनच नियम लिहायचे होते. आधी मला आणि मेसेजला वाट ठेवायची, मग बाकी सगळं बंद करायचं. घाईत मी आधी सगळं बंद केलं. स्क्रीन तिथल्या तिथे थिजली. आता मला आत जायची वाट नव्हती आणि मेसेजला बाहेर यायची नव्हती. लांबच्या मशीनवर असं काम करताना जाणती माणसं आधी एक सोय करून ठेवतात, म्हणजे गडबड झालीच तर थोड्या वेळाने जुनी सेटिंग आपोआप परत येते. ही सोय मी ऑफिसात पोरांना शिकवतो.

संध्याकाळी जाऊन नीट करू, असं मनाला सांगितलं आणि मीटिंगला बसलो. मीटिंग काही संपेना. मी टेबलाखाली मोबाइल धरून बसलेलो. मेसेज येत नव्हता. एरवी मेसेज नाही म्हणजे दार बंद, आबा आत. आज मेसेज नाही याचा अर्थ काहीच नव्हता. एवढं आंधळं मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर पडल्या पडल्या आबांना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आबांच्या शेजारच्या काकूंना फोन केला आणि जरा डोकावून बघा म्हटलं. त्या चालत गेल्याचं ऐकू येत होतं.

"दार सताड उघडं हाय," त्या म्हणाल्या. "फोन खाटंवर वाजतोय. आबा न्हाईत ओ."

गाडी कशी काढली ते आठवत नाही. नाशिक फाट्यावर अडकलो, भोसरीत अडकलो. आधी त्या जुन्या गेटवर गेलो, तिथे कुणी नव्हतं. मोशीच्या पुढे तर ट्रेलरमागे ट्रेलर. नवीकोरी चारचाकी वाहनं लादलेला एक कंटेनर माझ्यापुढे होता, त्याच्या चाकांकडे मला बघवेना. या रस्त्यावर आबा पायी असतील. मी मोठ्याने स्वतःला शिव्या देत होतो, आणि मधेच हात जोडत होतो.

कुरुळी फाट्याजवळ टपरीसमोरच्या बाकावर ते बसलेले दिसले. इस्त्रीचा शर्ट, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. मी गाडी तशीच रस्त्याकडेला सोडून धावलो. रडू येत होतं आणि रागही येत होता.

"आबा, कुठं निघालात? फोन घरी टाकून?"

"तुझ्याकडंच," ते म्हणाले. पिशवी उघडून दाखवली. आत पक्कड, टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर. "म्हटलं काय तरी ब्रेकडाऊन झालं आसंल."

"कसलं ब्रेकडाऊन?"

"दार उघडलं की तुझा फोन येतो. आज सकाळधरनं किती येळा उघडलं. लावलं, उघडलं. आलाच न्हाई." मग माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाले, "तू बरा हायेस न्हवं?"

इतके दिवस मला वाटत होतं, ते बाहेर जायला दार उघडतात. काल काय जेवले ते त्यांना सांगता येत नाही, पण हे त्यांनी बरोबर धरून ठेवलं होतं. माझ्या काळजीची कळ त्यांना सापडली होती आणि आठवण आली की ते ती दाबत होते.

घरी आलो. काकूंनी चहा आणून दिला. मी टीव्हीमागचा कॉम्प्युटर ओढून टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला आणि सकाळचे नियम काढून टाकले. आबा खाटेवर बसून बघत होते.

"झालं का चालू?"

"झालं."

ते उठले. फोन हातात घेतला, दाराशी गेले, दार लावलं आणि उघडलं. माझ्या खिशात मेसेज वाजला. आबा गल्लीकडे तोंड करून फोनकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्यापासून चार पावलांवर, खाली फरशीवर, वायरी गुंडाळत बसलो होतो. ते वळले नाहीत. वाट बघत राहिले.

मी फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. "हां, बोल. जेवलास का?"

"नाही आबा, अजून नाही."

"मग ये की घरी," ते म्हणाले.