फुंकर मिस्त्री आणि आतली काच

गाडी दुरुस्तीला आली की बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडतात. आमचे मिस्त्री आधी गाडीत बसायचे, चारही काचा वर करायचे आणि समोरच्या काचेवर आतून एक लांब फुंकर मारायचे. मग उमटलेली वाफ विरेपर्यंत तिच्याकडे टक लावून बघत राहायचे. तेवढा वेळ बाहेरून कितीही मोठा माणूस बोलला तरी उत्तर नाही. चाकण रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांना फुंकर मिस्त्री म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आळंदी फाट्याच्या पुढे, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे चाकणजवळच्याच गावचे. गाड्यांच्या एका कंपनीत त्यांनी बरीच वर्षं डॅशबोर्ड बसवले होते. एका शिफ्टला आतला पाइप ढिला आहे म्हणून त्यांनी डॅशबोर्ड बसवायला नकार दिला, सुपरवायझरशी वाजलं आणि ते गेटबाहेर आले. "मला काढलं न्हाई, मी निघालो," असं ते बजावून सांगायचे. चुकून कुणी 'काढलं' म्हणाला, की त्या दिवशी त्याला शेडमध्ये चहा नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो घाबरूनच. घाबरणं हा माझा जुना स्वभाव. परभणीकडून इतक्या लांब आलेलो, शाळा आठवीत सुटलेली, पिंपळे गुरवला चौघांत एक खोली. एका ठेकेदाराची जुनी, चार हात बदलून आलेली गाडी चालवायचो. सकाळी चार इंजिनिअर चाकणला सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. श्रावणात पाऊस लागून राहिला की काच आतून पांढरी व्हायची. मग मी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकायचो. मागे बसणाऱ्या एका साहेबांनी तक्रार केली. ठेकेदाराला आम्ही शेठ म्हणायचो. शेठ म्हणाले, "तू गाडीत झोपतोस, ओले कपडे वाळत घालतोस, त्याची वाफ आहे ती. अजून एक तक्रार आली की गावाकडं जायचं." गावाकडं जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर आलो होतो.

मिस्त्रींनी फुंकर मारली, काचेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"काय काय चारलंस हिला?"

"तंबाखू चोळली," मी म्हणालो. "स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणले, वाफ धरत नाही. मग शाम्पू. मग बटाटा कापून."

"पोहे ऱ्हायले का?"

शेडमध्ये चहा पीत बसलेले दोघे ड्रायव्हर खो खो हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

"असल्या लेपातून मला काय दिसनार? आधी धू," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून ती काच तीन वेळा धुऊन घेतली. मग पायाखालचं मॅटिंग उचलून खाली कोरडे पेपर अंथरले. आणि मला एक खटका दाखवला, बाहेरची हवा आत घेण्याचा. चाकणच्या धुळीला भिऊन आम्ही सगळेच तो कायम बंद ठेवायचो आणि आपलाच दमटपणा आत कोंडून घ्यायचो. "ही तुझी चूक," ते म्हणाले. "तुझी तेवढीच."

कारण खटका उघडूनही वाफ धरतच होती. हीटर लावला की उलट जास्त. अर्ध्या तासाने त्यांनी डाव्या बाजूचा पेपर वर काढला. त्यावर हिरवट डाग, बोटाला चिकट, वास गोडसर. "पावसाचं पाणी असतं तर नुसतं ओलं असतं. हे इंजिन गार ठेवायचं कूलंट हाय. ते जिच्यातनं फिरतं ती हीटरची जाळी फुटलीया आत. तिची वाफ काचंवर येती, म्हून पुसली तरी तेलकट ऱ्हाती. तुझ्या झोपंचा काय संबंध?"

ती शेवटची ओळ ऐकून मला एकदम रडू येईल असं वाटलं. इतके दिवस मी श्वाससुद्धा जपून घेत गाडी चालवत होतो.

मी फोन केल्यावर शेठ आले ते छत्री मिटतच, घाईत. सगळं ऐकून म्हणाले, "जाळी बदलायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड काढणार, दोन दिवस गाडी उभी. जाळीचा पाइप बायपास करा, हीटर बंद पडला तर पडू दे. पुण्यात हीटर लागतो कुणाला?"

"तुमाला न्हाई लागत, काचंला लागतो," मिस्त्री म्हणाले. "एसीचा पट्टा तुमी डिझेल वाचवाय काढला. आता हीटर बी काढला तर काच सुकवायची कशानं? ह्याच्या बाहीनं?"

"अहो, हा आत झोपतो."

"मग ह्याला भाईर काढू."

त्यांनी मला भर पावसात बाहेर उभं केलं, शेठना ड्रायव्हरच्या जागी बसवलं, काचा वर केल्या, हीटर सुरू केला. मी बाहेरून बघत होतो. पाच मिनिटांत शेठचा चेहरा दिसेनासा झाला.

शेठ उतरले, रुमालाने हात पुसले आणि मला म्हणाले, "चल, गाडी काढ. साहेब लोक वाट बघतायत."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक, "दिसत नाही तोवर मी गाडी काढणार नाही, शेठ."

उभ्या उभ्या नोकरी गेली. शेठ स्वतःच गाडी घेऊन निघाले, डोकं खिडकीबाहेर काढून.

मग मी मिस्त्रींवरच उखडलो. "तुम्ही बोललात म्हणून हे झालं. तुम्हाला शेड आहे. मला काय आहे?"

ते पान्हा पुसत राहिले. "व्हय, गेली तुझी नोकरी. आता उद्या ती गाडी कुनाच्या हातात देनार त्यो, ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला हिशोब मागायला स्टँडवर गेलो तर मिस्त्री तिथे आधीच हजर. मला वाटलं माझ्यासाठी रदबदली करायला आलेत. पण ते शेठकडे फिरकलेसुद्धा नाहीत. नव्या ड्रायव्हरला त्यांनी गाडीत बसवलं, डाग पडलेला पेपर दाखवला, काचेवर फुंकर मारायला लावली. तो उतरला. दुसऱ्याला बसवलं, तोही उतरला. तिसरा म्हणाला, "राव, माझं लग्न ठरलंय," आणि बसलाच नाही. शेठ आरडाओरडा करत होते. मिस्त्री म्हणाले, "वरडा की. गाडी हितंच हाय."

चौथ्या दिवशी शेठनी ती गाडी स्वतः शेडवर आणली आणि तिथे बसलेल्या माझ्याकडे चावी फेकली. मिस्त्रींनी जाळी बदलली, मॅटिंग पंख्याखाली वाळवलं, एसीचा पट्टा चढवला. जिंकल्याचा एक शब्द नाही. मला एवढंच म्हणाले, "खटका उघडा ठिव."

यंदाच्या पावसाळ्यात रस्ता रुंद करण्यासाठी शेड पाडायची ठरली. मी सुट्टी टाकून गेलो. सामान टेम्पोत भरून झालं होतं, मागे जेसीबी सुरू होऊन उभा होता. मिस्त्री मुलीकडे, जुन्नरला निघाले होते. मी कसंबसं म्हणालो, "मिस्त्री, तुमच्यामुळं माझं घर चाललं."

"माझ्यामुळं काय?" ते खेकसले. "'काढनार न्हाई' कोन म्हनालं? मी पेपर हातरला नुसता." आणि टेम्पोत चढून बसले.

टेम्पोवाल्याने बाहीने काच पुसली आणि गिअर टाकला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"बंद कर. दिसत न्हाई तुला."

"बाबा, मागं जेसीबी आहे."

"असू दे."

त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि कोपऱ्यापासून, सावकाश, काच पुसायला घेतली. जेसीबीवाल्याने हॉर्न दाबून धरला. रस्त्याच्या कामावरचा मुकादम शिट्टी वाजवत धावत आला. मला नेहमीसारखा घाम फुटला. मी टेम्पोच्या मागे गेलो, जेसीबीच्या तोंडासमोर उभा राहिलो आणि हात वर केला.

"ए, बाजूला हो!" मुकादम ओरडला.

"काच पुसून होऊ द्या," मी म्हणालो. हात मी खाली घेतला नाही.