बाळंतपणानंतर राहून गेलेली तपासणी

“प्रीडायबेटिस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मधुमेह झालेला नाही ताई, पण उंबरठ्यावर आहात.”

मला भीती वाटली नाही, थकवा आला. घरात सहा माणसांचा स्वयंपाक, मुलगी चार वर्षांची, कापूस वेचणी सुरू. त्यात आता हेही.

या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात मला जेस्टेशनल डायबेटिस, म्हणजे गरोदरपणात वाढणारी साखर, निघाली होती. बाळंत झाले, साखर उतरली. सासूबाई म्हणाल्या, “लेकरासंगं गेली बला!” दीड महिन्याने पुन्हा तपासा, मग दरवर्षी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ओल्या बाळंतिणीला बोरी अरबहून यवतमाळला कोण जाऊ देतं? राहून गेलं ते गेलंच.

यंदा सारखी तहान लागायला लागली, तेव्हा मीच निघाले. चांगल्या कामाला चालली म्हणून सासूबाईंनी तळहातावर दही-साखर ठेवली. मीही खाल्ली. तपासणी उपाशीपोटी होती, त्यामुळे नर्सने परत पाठवलं.

दुसऱ्या खेपेला ओजीटीटी, म्हणजे ग्लुकोज पाजून करतात ती साखरेची तपासणी, झाली. आधी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्यायचं, दोन तास बसायचं, पुन्हा रक्त. खूप मळमळलं. पण त्या बाकावर मला कोणी हाक मारली नाही. मी भिंतीला टेकून चक्क झोपले.

औषध सध्या नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जेवण बदला, रोज अर्धा तास चाला, वर्षाने तपासा. सांगायला सोपं. आमच्याकडे बाई कामाशिवाय चालत नाही. पहिल्याच संध्याकाळी रस्त्यात विचारणा झाली, “कुठी चालली वं? घरी भांडण झालं काय?” मी घरी येऊन रडले.

सासूबाई म्हणाल्या, “हातात जेवणाचा डबा घेत जाय. कोणी नाही इचारत.” त्यांचे उपकार. रिकामा डबा घेऊन मी महिनाभर फिरले.

एकदा शेजारच्या वनिताने विचारलं, “डबा कोणाले वं?” मी झाकण उघडून दाखवलं आणि सगळं सांगितलं. तिने झाकण परत लावलं. मग म्हणाली, “मलेबी साखर निघालती बाळाच्या वेळी. मंग मी गेलीच नाही.”

बायांनो, उतरली म्हणून साखरेला विसरू नका. वेळेत कळलं तर मधुमेह लांबवता येतो, टाळताही येतो.

सोमवारी वनिताची तपासणी आहे, तिला उपाशी यायला सांगितलंय. मी दमलेली आहे, तरी सोबत जाणार. माझ्या वेळी कोणी आलं नव्हतं.