स्टिअरिंगवरचं बोट

ग्लेनिस पेडलरने आयुष्यात एकदाच मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, चालवलं होतं, आणि त्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावरचा गुणफलक आडवा झाला होता. मैदान कडीनाचं, म्हणजे तिच्याच गावचं. तो गुणफलक वर्गणी काढून उभारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना तिने त्यांच्या लहानपणी शाळेच्या कॅन्टीनमध्ये जेवू घातलेलं, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोललं नाही. तिच्या नवऱ्याने, नेव्हिलने, किल्ली तिच्या हातातून घेऊन शर्टाच्या खिशात टाकली. त्याला आता नऊ वर्षं झाली आणि किल्ली अजून त्याच खिशात असते.

नेव्हिल गाडी चालवणार हे गृहीतच होतं. चाळीस वर्षं गव्हाचे ट्रक बंदरावर नेलेला माणूस. चर्चला तो लग्नाकार्यापुरता जाई, पण एक नेम त्याने कधी मोडला नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून उजव्या हाताचं पहिलं बोट इंचभर उचलायचं. ओळख असो वा नसो. समोरचाही उचलतो. नलारबॉरच्या माळावर झाड दिसलं तरी माणसं गाडी थांबवतात, तिथं ही रामरामी चुकवून चालत नाही. जो बोट उचलत नाही तो शहरातला, असं नेव्हिलचं मत, आणि ‘शहरातला’ ही त्याच्याजवळची सर्वांत जड शिवी.

गेले चार महिने नेव्हिलला समोरचं नीट दिसत नव्हतं. हे त्याने सांगितलेलं नाही. तो बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघू लागला. चहा कपाशेजारी ओतू लागला. पेपर वाचणं बंद केलं आणि म्हणाला, हल्ली बातम्याच नसतात. कडेचं दिसायचं, मधलंच कुठंतरी हरवायचं. डॉक्टरकडे जा म्हटलं की कुत्र्याला फिरवायला जायचा. डॉक्टरने एकदा लायसन्सवर हात ठेवला की ते परत मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आणि ग्लेनिसने काय केलं, तर त्याला साथ दिली. गप्पा मारल्यासारखी रस्ता वाचून दाखवू लागली. “कांगारूंची पाटी आली बघ.” “ट्रक येतोय, बाई, केवढा.” ट्रक म्हटलं की नेव्हिलचं बोट वर. कडीनापासून दीड हजार किलोमीटर हा कारभार असा बिनबोभाट चालला होता. सहलीला सोबत आलेल्या, मागे टेबलाशी बसलेल्या लाइल आणि रोंडा क्रान्त्झ या नवरा-बायकोला काही कळलं नव्हतं. लाइलचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्याला पेडल दाबायची मनाई. रोंडा गाडी शिकलीच नाही, का शिकायची म्हणायची, लाइल आहे ना. चौघांचा जीव एका बोटावर चालला होता आणि ते फक्त ग्लेनिसला माहीत होतं.

त्या सकाळी कायगुनाच्या पंपावर डिझेल भरलं आणि सरळ रस्ता लागला. एकशे सेहेचाळीस किलोमीटर, एकही वळण नाही. लाइलची कुरकुर पश्चिमेच्या राज्याची हद्द ओलांडल्यापासून चालूच होती. हद्दीवरच्या चौकीत भाजी, फळं, मध काही पुढं नेऊ देत नाहीत. फेकायचं जिवावर येतं म्हणून आदल्या दिवशी चौकीच्या अलीकडे गाडी लावून चौघांनी अकरा गाजरं, दीड कोबी आणि मधाची अर्धी बरणी संपवली होती.

“माझं पोट अजून हद्दीच्या पलीकडेच आहे,” लाइल म्हणाला.

“कोबी तूच दोनदा घेतलास,” रोंडा विणकामातून मान वर न करता म्हणाली.

ग्लेनिस थर्मासमधून चहा ओतत होती, म्हणून दोन मिनिटं तिचं रस्तावाचन बंद होतं. तेवढ्यात नेव्हिलने बोट उचललं. तिने वर पाहिलं. समोर रस्ता मोकळा. डाव्या कडेला मातीत एक जळून गेलेली गाडी पडली होती, चाकं नसलेली, काचा नसलेली, निदान दहा वर्षांपूर्वीची.

“कोण रे, ओळखीचा होता का?” लाइलने मागून विचारलं.

“सवय, लेका,” नेव्हिल म्हणाला.

लाइल खोकला येईपर्यंत हसला. रोंडाही हसली. ग्लेनिसच्या मांडीवर चहा सांडला, भाजलंही, पण ती हलली नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा स्वतःची लाज जास्त वाटत होती. नवऱ्याचा मान सांभाळतोय असं स्वतःला समजावत तिने चार महिने काढले होते.

दहाएक मिनिटांनी खरोखरचा ट्रक आला. मागे तीन डबे जोडलेला, लालभडक, लांबून दिसणारा. ग्लेनिसने मुद्दाम तोंड मिटून घेतलं. नेव्हिल कडेची पांढरी रेघ धरून अगदी सरळ चालला होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. ट्रक जवळ आला, ड्रायव्हरने बोट उचललं, तिन्ही डबे धडधडत गेले, मोटरहोम हाललं. मग नेव्हिलने बोट उचललं, रिकाम्या रस्त्याला.

“पुढच्या झाडाशी थांब,” ग्लेनिस म्हणाली. “रोंडाला किटली टांगायचीय.”

येणारे-जाणारे या रस्त्यावरच्या झाडांना काहीबाही टांगतात. कुणी चपला, कुणी टेडी अस्वलं. हे झाड किटल्यांचं होतं आणि रोंडा घरून गळकी किटली घेऊन निघाली होती. ती आणि काठी टेकत लाइल झाडाकडे गेले. कुठली फांदी यावरून त्यांचं लगेच जुंपलं. ग्लेनिस गाडीला वळसा घालून नेव्हिलच्या खिडकीशी आली.

“लाल ट्रक गेला,” ती म्हणाली. “तू बोट उचललंस तेव्हा तो मागे पोचला होता.”

“लक्ष नव्हतं.”

“चाळीस वर्षांत तुझं लक्ष नाही असं झालंय का?”

नेव्हिल तिच्या कानाकडे बघत राहिला.

“मी बोलत होते म्हणून चाललं होतं, नेव्ह. आता मी बोलणार नाही. किल्ली दे.”

“तू गुणफलक पाडलास.”

“पाडला. इथं एकही नाहीये.”

नेव्हिलने माळावर इकडून तिकडे नजर फिरवली. खरंच नव्हता. त्याने किल्ली काढून खिशात घातली, परत काढली. लाइल काठी टेकत येताना कडेने दिसला तशी पटकन ग्लेनिसच्या हातात कोंबली.

“ग्लेनिसला सरळ रस्त्याची हौस आहे,” तो मोठ्याने म्हणाला. “म्हटलं, चालव बाई.”

“ब्रेक कुठला ते दाखवलंस ना?” लाइलने विचारलं.

“तू पट्टा बांध,” रोंडा नवऱ्याला म्हणाली, आणि तिने स्वतःचा आधी बांधला.

ग्लेनिसने ताशी सत्तरचा वेग धरला. मागून येणारे सगळे पुढं निघून गेले. चौदा किलोमीटर असेच गेले. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली. लांबवर एक ठिपका दिसला आणि मोठा होऊ लागला.

“ट्रक,” ती म्हणाली. “नेव्ह, माझे हात सुटणार नाहीत. बोट तू उचल.”

नेव्हिल डाव्या सीटवर सावरून बसला. समोर स्टिअरिंग नव्हतं, म्हणून त्याने मूठ डॅशबोर्डवर ठेवली.

“आता,” ग्लेनिस म्हणाली.

त्याने बोट उचललं. वेळेवर. ट्रक धडधडत गेला.

“त्याने उचललं?” नेव्हिलने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. चार महिने तिने तेच केलं होतं.

“नाही. सॉसेज रोल खात होता.”

“शहरातला,” नेव्हिल म्हणाला. मागे रोंडाच्या सुया थांबलेल्या होत्या.

“मला नाही दिसला तो,” तो म्हणाला. “रोलपण नाही आणि ट्रकपण नाही.”

मागे लाइलने ऐकलं. त्याने आपली काठी उचलून पायाशी नीट आडवी ठेवली.

“माहीत आहे,” ग्लेनिस म्हणाली. “कार येतेय. पांढरी, वर होडी बांधलीय.”

नेव्हिलने मूठ पुन्हा डॅशबोर्डवर ठेवली आणि ती ‘आता’ म्हणेपर्यंत थांबला.