दौलताबाद-फुलंब्री रेल्वे

दौलताबाद ते फुलंब्री ही रेल्वे मी आमच्या छावणीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एका दुपारी सुरू केली आणि संध्याकाळच्या चहाच्या आत बंदही पाडली.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर मी पुठ्ठ्याची आणि पत्र्याची छोटी रेल्वे बनवली. रूळ, बोगदा, पूल, सगळं! (टेबल त्यात गेलं. वर्षभर आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो.) मग औरंगाबादेत हौशी कारागिरांचं प्रदर्शन भरलं आणि मी नाव दिलं. अट एकच: प्रतिकृती खऱ्या वस्तूची हवी, सोबत तिचा इतिहास लिहून हवा.

माझी गाडी तर कुठलीच नव्हती! मग लिहून टाकलं, ‘एका जागीरदाराची सीताफळं बैलगाडीत चेंगरायची, म्हणून त्यांनी ही रेल्वे टाकली. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर जागीर गेली, गाडी थांबली, रूळ भंगारात गेले.’ वाचून माझेच डोळे पाणावले.

“अहो,” सुलभा म्हणाली, “लोक नातवंडांसाठी गाडी करतात. तुम्ही गाडीसाठी जागीरदार केलात!”

“फुलंब्रीचं कोण येतंय तिथं?” मी म्हणालो.

फुलंब्रीचे आले. सुलभाचे सख्खे मामा! वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला फेटा, जन्म फुलंब्रीत. जावयाचं कौतुक बघायला म्हणून सुलभानंच बोलावलेले. (तिच्या मनात काय होतं ते मी अजून विचारलेलं नाही.)

त्यात परीक्षक निघाले रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर! चष्मा पुसत त्यांनी माझा इतिहास दोनदा मोठ्यानं वाचला.

“तीस वर्षं रेल्वेत काढली, या मार्गाचं नाव ऐकलं नाही. शिवाय मधे चढ आहे. एवढंसं इंजिन चढायचं कसं?”

मी उगाच रुमालानं इंजिन पुसू लागलो. गर्दी जमली. आणि मागून आवाज आला, “चढ आला की आम्ही उतरायचो न् ढकलायचो!”

मामा!

“तुम्ही बसला होतात?” परीक्षकांनी विचारलं.

“लई येळा! जाताना सीताफळावर बसायचो, येताना रिकाम्या टोपल्यात.”

“तिकीट?”

“सीताफळाला कुठं तिकीट असतंय व्हय?”

लोक हसले. परीक्षक मात्र हसले नाहीत. “चालवून दाखवा,” ते मला म्हणाले.

मी बटण दाबलं. घरी शंभरदा बिनचूक धावलेली गाडी ऐटीत निघाली, बोगद्यातून बाहेर आली आणि वळणावर चारही डबे घेऊन आडवी झाली! सुलभानं पदर तोंडाला लावला.

“बरोब्बर!” मामा टाळी पिटत ओरडले. “ह्याच वळणावर पडायची! जावईबापू, तुम्हाला कसं कळलं हो?”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, आडव्या गाडीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘अपघातासह अस्सल.’

पहिलं बक्षीस! ढाल घेऊन आम्ही रिक्षातून मिरवत घरी आलो. मामांना मधे बसवलं होतं. मी चौकाचौकात रिक्षा हळू करायला लावत होतो. सुलभासुद्धा, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, माझ्याकडे आदरानं बघत होती.

घरी आल्यावर मी मामांच्या पाया पडलो. “मामा, त्या गाडीचं अजून सांगा ना.”

“कोणती गाडी?” मामा चहा बशीत ओतत म्हणाले. “फुलंब्रीला कधी रेल्वे आली, बाबा? तुमचं तोंड बघवंना, म्हणून बोललो.”

सुलभा हसून हसून लोळली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. येत्या रविवारी मामांना घेऊन जुन्या स्टेशनची जागा बघायला जायचं, असं मी रिक्षातच पक्कं केलं होतं!