एकाच ट्रेमधल्या दोन केबली

फोनवर मॅनेजर म्हणाले, “बिघाड काहीच नाही. तुम्ही फक्त या आणि पॅनल बरोबर दाखवतं, एवढं लिहून द्या.” बिघाड नाही हे सांगायला कोणी शनिवारी सकाळी साडेसातला फोन करतं, तेव्हा मी पिशवीत दोन अवजारं जास्तीची टाकतो.

कारखान्यांतली तापमानाची, दाबाची मापं तपासणं हे माझं काम. पिपरी मेघेहून मोटारसायकलने निघालो आणि रोहण्याच्या अलीकडच्या त्या सरकीच्या तेल गिरणीत पोचलो, तर मॅनेजरांच्या टेबलावर माझं पत्र टाइप होऊन तयार होतं. त्यात ‘अत्याधुनिक’ हा शब्द तीनदा होता. माझी फक्त सही बाकी होती.

प्रकरण असं होतं. तेल काढण्याआधी सरकी केटलीत, म्हणजे वाफेवर तापणाऱ्या मोठ्या भांड्यात, शिजवतात. नव्या पॅनलवर केटलीचं तापमान दिसतं आणि ते वाढलं की पॅनल आपणच वाफ बंद करतं. पण पॅनल बसल्यापासून ढेपेत, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीत, तेल राहून जात होतं. पॅनलवर तापमान भरपूर, म्हणजे चूक पॅनलची नाही. मग उरला केटलीवरचा माणूस. वीस-बावीस वर्षं केटली सांभाळलेल्या या ऑपरेटरला सोमवारपासून ढेपेच्या गोदामात पोती शिवायला बसवायचं ठरलं होतं. माझी सही त्या हुकमाला जोडायची होती.

“यंत्र खोटं बोलत नाही,” मॅनेजर म्हणाले. ते छापील मराठी बोलत. “माणूस बोलतो.”

मी म्हटलं, सहीआधी केटली बघतो.

ऑपरेटर पन्नाशीचा, डोक्याला पंचा. माझ्याकडे त्याने फारशा आशेने पाहिलं नाही. “तुमीबी कागद घेऊनच आले का, भाऊ?”

“कागद आत आहे. मी रिकामाच आलो.”

त्याने केटलीतून मूठभर सरकी काढली, दाबली आणि मूठ उघडली. सरकी कोरडीच विखुरली. “थो डब्बा एकशे अठरा म्हनते. मी म्हनतो कच्ची हाय. आता डब्ब्याचं आयकतीन का माह्यं?”

केटलीच्या अंगावर तपासणीसाठी एक रिकामी नळी होती. माझा काचेचा थर्मामीटर तिच्यात घातला आणि पाच मिनिटं थांबलो. पारा चौऱ्याण्णववर थांबला. पॅनलवर एकशे सोळा, एकशे एकवीस, एकशे अठरा असा आकडा नाचत होता.

अशा वेळी मला भूक लागत नाही, ऊन जाणवत नाही. घरचा नळ गळतो तेव्हा हा उत्साह कुठे जातो, असं बायको विचारते. पण चोवीस अंशांचा फरक कुठून तरी आत घुसत होता आणि तो शोधायला माझ्याकडे अख्खा दिवस होता!

मॅनेजरांना थर्मामीटर दाखवला. “काचेचा?” ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी पाऱ्याला निवृत्त केलं.

मग मी तेल काढणारी मोटर बंद करायला सांगितली. तिला नवा ड्राइव्ह बसवला होता. हा पेटीएवढा डबा मोटरचा वेग कमीजास्त करतो, आणि त्यासाठी विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतो. मोटर थांबली, आणि पॅनलवरचा आकडा धपकन खाली आला. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. स्थिर.

“अरे बाप!” ऑपरेटर ओरडला. “चालू करा बरं, भाऊ!”

मोटर चालू. एकशे सतरा. बंद. चौऱ्याण्णव. आम्ही चार वेळा हेच केलं. दोनदा पुरलं असतं. उरलेल्या दोन आमच्या आनंदासाठी होत्या.

आता चोर ड्राइव्हमध्ये होता की त्याच्या केबलमध्ये? वीज तोडली, ड्राइव्हच्या पोटातली साठलेली वीज उतरेपर्यंत चहा घेतला, मग मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवून तेवढाच ड्राइव्ह चालू केला. आकडा चौऱ्याण्णववर ढिम्म. म्हणजे डबा निर्दोष. मोटरकडे जाणारी केबल रस्त्यात कुणाला तरी भेटत होती.

केबलच्या मागे मी छताकडे बघत चालत गेलो, आणि थांबलो. भिंतीवर केबली न्यायचा एकच ट्रे होता, चकचकीत. त्यात मोटरची जाड केबल आणि केटलीच्या तापमानाची बारीक तार शेजारीशेजारी, तीसेक मीटर, दर वीतभर अंतरावर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली. इतकं देखणं बांधकाम मी लग्नाच्या मांडवातही पाहिलेलं नाही. बारीक तारेत विजेचा केवळ कण वाहतो, व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका. तिच्या कानाशी ड्राइव्ह दिवसभर ओरडत होता.

“हे एकत्र कोणी बांधलं?”

“उद्घाटन होतं ना, भाऊ. मंडळी फोटो काढनार. पह्यले ही बारीक तार पलीकडच्या भितीवरून जाय. साहेब म्हने, दोन दोन ट्रे बरे दिसत नाई, एकातच घाला.” मग आठवून म्हणाला, “अन् तारेच्या टोकाले जाळीच्या झिपऱ्या लोंबत होत्या, थ्याबी कापल्या.”

त्या झिपऱ्या म्हणजे तारेचं कवच. ती जाळी पॅनलमध्ये अर्थिंगच्या तारेला जोडली, तर बाहेरचा गोंगाट तिथेच उतरतो. पाहुण्यांच्या फोटोसाठी गिरणीने तारेचं चिलखत केस कापावेत तसं कापलं होतं.

मॅनेजरांना सिद्धान्त सांगण्यात अर्थ नव्हता. मी पिशवीतली कवचाची नवी तार काढली, केटलीपासून खिडकीबाहेर, अंगणातून, वाळत घातलेल्या पोत्यांवरून सरळ पॅनलपर्यंत ओढली आणि जाळी पॅनलच्या बाजूला नीट जोडली. मॅनेजरांना समोर उभं केलं. ऑपरेटरने मोटर चालू केली. चौऱ्याण्णव. वेग वाढवला. चौऱ्याण्णव! आणि मग, तापमान कमी आहे हे कळल्यावर, पॅनलने आपणच केटलीत वाफ सोडली. केटली अशी फुसफुसली की मॅनेजर दोन पावलं मागे गेले.

अर्ध्या तासाने आकडा एकशे आठवर आला. ऑपरेटरने मूठ दाबून मॅनेजरांसमोर उघडली. गोळा टिकला, तळहात तेलाने चमकला.

“मग आता?” मॅनेजरांनी विचारलं.

“बारीक तार परत पलीकडच्या भिंतीवर.”

तिथे खरी अडचण निघाली. जुन्या ट्रेच्या जागी, पॅनलच्या खोलीच्या दाराच्या वर, उद्घाटनाची संगमरवरी पाटी बसली होती. वर वाफेचा तापलेला पाइप, खाली दाराची चौकट. पाटी हलवली तर फुटणार. ट्रे न्यायचा तर पाटीची वरची ओळ झाकायची नाही तर खालची. वरच्या ओळीत प्रमुख पाहुण्यांचं नाव, मागेपुढे पदव्या.

“माननीयांचं नाव झाकलं तर वरून फोन येईल,” मॅनेजर म्हणाले. “तार आहे तिथेच राहू दिली तर?”

“मग पत्रावर सही नाही. आणि ढेपेत तेल राहणारच.”

ऑपरेटर पंच्याला हात पुसत पुढे आला. “साहेब, नाव झाका नाईतर मले गोदामात धाडा. दोनातलं एक तं होईनच.”

मॅनेजरांनी पाटीकडे पाहिलं. “खालून न्या,” ते म्हणाले.

मी खालची ओळ वाचली. बारीक अक्षरांत ‘व्यवस्थापक’ आणि पुढे त्यांचं स्वतःचं नाव.

“साहेब, थे तं तुमचंच...” ऑपरेटर म्हणाला.

“माहीत हाय मले,” मॅनेजर म्हणाले. त्यांचं छापील मराठी पहिल्यांदाच गळून पडलं. “शिडी आन. अन् सोमवारी सातला केटलीवरच येजो.”

ट्रेसाठी पाटीच्या डाव्या बाजूचं, भिंतीतलं भोक मी पाडलं. उजव्या बाजूच्या वेळी ऑपरेटरने ड्रिल माझ्या हातून काढून घेतलं.