श्रद्धांजलीची गुबगुबीत अक्षरं

दिंडोशीला आमच्या बिल्डिंगसमोरच्या भिंतीवर फ्लेक्स लागला, आणि त्यावरची अक्षरं माझी होती. मी फॉन्ट डिझाइन करते. जुन्या सोडावॉटरच्या, गोळ्या-बिस्किटांच्या पाट्यांवर असायची तशी जाड, गोलमटोल देवनागरी अक्षरं मी दोन वर्षं खपून काढली होती. आइस्क्रीमच्या दुकानांवर शोभावीत, रस्त्यापलीकडून वाचता यावीत, एवढंच डोक्यात होतं. आता त्याच अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं आणि खाली शेजारच्या काकांचा फोटो. काका आदल्या दिवशी गेले होते. आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळेतून आले की मी त्यांच्याकडेच जेवायचे.

मला घरात बसवेना. पाणी प्यायले, गॅलरीत गेले, परत आत आले.

"काय चाललंय तुझं? एका जागी बस ना," आई म्हणाली.

"तो फ्लेक्स बघितलास? वाढदिवसाचा वाटतो."

"आत्ता फ्लेक्स कोण बघतंय?"

खाली फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष भेटला. शाळेत माझ्याच वर्गात होता. त्याला म्हटलं, हा फॉन्ट बदल.

"अगं, लांबून कसला दिसतोय बघ. दुकानवाल्याकडे हाच सगळ्यात ठसठशीत होता."

"माझाच आहे तो."

"मग तर झकासच ना," तो बोलून गेला आणि लगेच वर काकांच्या खिडकीकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "काकींना विचार. त्या म्हणाल्या तर बदलू."

अशा दिवशी त्यांना हे कसं विचारायचं? जिन्यात अर्ध्यावर जाऊन मी खाली आले. पुन्हा चढले. काकी खिडकीशी बसल्या होत्या. मी शेजारी टेकले. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "डोळ्यात मोतीबिंदू, तरी हयसून सगळा वाचूक येता गो माका."

क्षणभर मला चक्क बरं वाटलं.

"म्हणानच नको," त्या म्हणाल्या. "बघीन तेव्हा वाचलाच जाता. बारीक करूक सांग."

अध्यक्ष थोडा कुरकुरला, पण माझ्याबरोबर गोरेगावला फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात आला. मी साधी, बारीक अक्षरं निवडली आणि आकारही लहान करायला सांगितला. संध्याकाळपर्यंत नवा फ्लेक्स लागला. काकींच्या खिडकीतून आता काकांचा फोटो तेवढा ओळखू येत होता. मजकूर नाही.

तरी माझे पाय ठरेनात. सारखी खाली जाऊन भिंतीसमोर उभी राहत होते. तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला, खाली उतरला आणि अगदी भिंतीला लागून वाचू लागला.

"हे बस चालवायचे ना?" त्यानं मला विचारलं.

"हो. शेवटपर्यंत इथलाच रूट."

"वळणावर नेहमी मला आधी जाऊ द्यायचे," तो म्हणाला. "काय झालं होतं?"

मी सांगितलं. तो परत गेला, रिक्षा बंद करून कडेला लावली आणि पुन्हा माझ्यापाशी येऊन उभा राहिला.