पाइपमामांची ढमी

आमच्या इमारतीच्या माळ्याला सगळे पाइपमामा म्हणत. खांद्यावर रबरी पाइपाचं वेटोळं नाही असं मी त्यांना क्वचितच पाहिलं. ताडमाड उंची, वाकलेली पाठ, आणि पायात पायात करणारी तांबूस, जाडजूड कुत्री ढमी. मामांची बायको गेली त्याच आठवड्यात हे पिलू पंपाच्या खोलीशी येऊन बसलं आणि अकरा वर्षं तिथंच राहिलं. "एक गेली नि एक आली. माझं ऐकलं एकीनंही नाही," असं म्हणून मामा स्वतःच हसत.

मूलबाळ नव्हतं. आवारातली हिरवळ त्यांनी पोटच्या पोरीसारखी जपली होती. कुणी तिच्यावर सायकल घातली की ते नुसते जाऊन उभे राहत. बोलावं लागत नसे.

ढमी सकाळी हिरवळीच्या कडेची लांब पाती निवडून खायची. कधी पिवळा फेस ओकायची आणि लगेच शेपूट हलवत खायला मागायची. मामांच्या जिवाला घोर.

"बाई, आज परत खाल्लंन्. पोटात काही असेल का हो?"

"गाय व्हायची ती चुकून कुत्री झालीय तुमची," मी म्हणायचे.

पण त्यांचं तोंड बघवेना. मग महिनाभर मी रोजनिशीत टिपून ठेवलं: किती दिवस खाल्लं, किती वेळा ओकली, जेवली की नाही. ती वही घेऊन आम्ही तिघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"पुष्कळ कुत्री खातात गवत," पोट चाचपत त्या म्हणाल्या. "आजारी असतात म्हणून नव्हे, बहुधा आवडतं म्हणून. जेवतेय, हुंदडतेय, मग कशाला काळजी? सारखी ओकायला लागली, मलूल झाली, तर आणा. औषध मारलेलं गवत तेवढं खाऊ देऊ नका."

मामा छाती काढून म्हणाले, "माझ्या बागेत माझ्या हाताशिवाय कोण औषध मारणार?"

त्या दिवसापासून त्यांची काळजी गेली. ढमी पाती खुडायची आणि ते शेजारी फतकल मारून चहा प्यायचे.

दोन वर्षं अशी गेली. यंदा हिरवळीवर पिवळे चट्टे पडले. मुळाशी अळी लागली होती. मामा हाताने अळ्या वेचत होते, पण कमिटीला तेवढा धीर कुठला? मामा ढमीला घेऊन बहिणीकडे गेले होते, त्या दोन दिवसांत बाहेरचा माणूस आणून कीडनाशक फवारून घेतलं. सूचना घरोघर फिरली: तीन दिवस मुलं व पाळीव प्राणी हिरवळीवर सोडू नयेत. मी चष्मा लावून वाचली, सही केली. मामांना कोण सांगणार, हे माझ्या मनातही आलं नाही. बागेतली गोष्ट माळ्याला कुणी सांगायची असते का? पुढे मी विचारलं तेव्हा प्रत्येक घरातून हेच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर मामा परत आलेले. चहाचा पेला हातात, ढमी हिरवळीवर, तोंडात पाती.

"बघा बाई," ते म्हणाले, "आता मी काळजी करतो का?"

"मामा, ओढा तिला! काल फवारलंय!"

त्यांनी पेला टाकून दिला. दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडला, बोटं घालून हिरवं बाहेर काढलं. पण ती आधीच लाळ गाळत होती. टॅक्सीत तिचे पाय थरथरू लागले. मामा तिला सांगत होते, "आलं हं, आलं, हे काय आलंच." डॉक्टरीणबाईंनी सुया दिल्या, नळी लावली. दहाच्या सुमारास ढमी गेली.

दवाखान्याच्या बाकावर मामांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. सही केली मी. वाटलं, तुम्हाला तर..."

"हो," ते म्हणाले. "वाटणारच."

मला वाटलं, आता ते रडतील, मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. पण इमारतीत परतल्यावर ते माझ्या दाराशी आले. हाताला माती होती.

"बाई, एक पुठ्ठा द्या. त्यावर लिहा, मोठ्ठं, लांबून दिसेल असं. गवतावर विष आहे."

मी लिहून दिलं. त्यांनी हिरवळीभोवती दोरी बांधली आणि तो पुठ्ठा छातीशी धरून वाटेवर उभे राहिले, उन्हात, संध्याकाळपर्यंत. मी जेवायला बोलावलं. आले नाहीत.

पाचला सेक्रेटरी आपला गुबगुबीत कुत्रा घेऊन खाली उतरले. मामा आडवे आले.

"आज नको, साहेब. पलीकडून न्या."

"अरे हो, ते फवारणीचं. विसरलोच," सेक्रेटरी म्हणाले. "तुझी कुठाय रे?"

"झोपवली," मामा म्हणाले. "पंपाच्या खोलीमागे."